एकशे आठ दारं

"कुलूप लागतं का?" आमच्या मुख्याध्यापिका वाघधरे बाईंनी विचारलं.

त्यांच्या टेबलावर मी भिंतीतल्या कोनाड्यांचा नकाशा पसरला होता. विटा, गिलावा, वर शहाबादी फरशीची पट्टी आणि प्रत्येक मुलीला एक कोनाडा. दोन रंगांच्या पेन्सिलींनी काढला होता. गणिताच्या शिक्षकाने काढलेला असल्यामुळे तो सुंदर नव्हता, पण मापात होता.

"बाई, हा कोनाडा आहे," मी म्हणालो. "कोनाड्याला कसं लागणार कुलूप?"

"मग नको."

त्यांनी नकाशाची घडी घालून तो मला परत दिला. घडी मात्र फार व्यवस्थित घातली.

ही दोन हजार चार सालच्या फेब्रुवारीतली गोष्ट. बार्शीपासून एसटीने तासाभरावर असलेल्या एका तालुक्याच्या गावी, मुलींच्या शाळेत, मी शिक्षणसेवक होतो. शिक्षणसेवक म्हणजे शिक्षकाचं सगळं काम करणारा, पण शिक्षक नसलेला माणूस. अशी तीन वर्षं काढली आणि संस्थेच्या कार्यवाहांनी 'काम समाधानकारक' असं लिहून सही केली, की तो कायम होतो. माझी तीन वर्षं एकतीस मेला पुरी होत होती. कार्यवाह आबासाहेब रोंगे यांच्या मनात माझ्याबद्दल बरं किंवा वाईट काहीच नव्हतं. ते तसंच राहावं, एवढीच माझी महत्त्वाकांक्षा होती.

मध्ये ही लॉकर्स आली.

शाळेच्या मागच्या व्हरांड्यात लोखंडाची नऊ कपाटं होती. प्रत्येकात बारा कप्पे, प्रत्येक कप्प्याला दार आणि कडी. वीस वर्षांपूर्वी कुणाच्या तरी देणगीतून घेतलेली. बिजागऱ्या इतक्या गंजल्या होत्या, की सकाळी प्रार्थनेआधी आणि शाळा सुटल्यावर दहा-दहा मिनिटं व्हरांड्यात लोहारकाम चालल्याचा आवाज यायचा. आबासाहेबांनी एकदा तो ऐकला आणि 'लॉकर्सचं स्वस्तात काहीतरी करा' असा आदेश दिला. शाळेच्या टिकाऊ वस्तूंची नोंद ज्यात असते ते डेडस्टॉक रजिस्टर माझ्या ताब्यात होतं. कारण ते दुसऱ्या कुणाला नको होतं. म्हणून आदेश माझ्याकडे आला.

मी मन लावून काम केलं. बार्शीला जाऊन नव्या कपाटांची किंमत विचारली. दुकानदार म्हणाला, "सर, आधी बसा." त्यावरूनच अंदाज आला. मग मी जुन्या भिंतीला खुंट्या ठोकून पिशव्या टांगायची योजना काढली. बाईंनी विचारलं, "कुलूप लागतं का?" पिशवीला लागत नव्हतं. दोन मुलींत एक लॉकर, म्हणजे चांगली चोपन्न तेवढी ठेवायची, अशी योजना काढली. त्याला कुलूप लागत होतं.

"पण किल्ल्या दोघींकडे?" बाई म्हणाल्या.

"हो."

"मग त्याला कुलूप म्हणत नाहीत, सर."

बाईंची निवृत्ती दोन वर्षांवर आली होती. खादीची पांढरी साडी नेसायच्या, आवाज कधी चढवायच्या नाहीत. मला आधी वाटलं, कुलूप हा त्यांचा वयोमानपरत्वे झालेला छंद असावा. मुलींच्या दप्तरात असं काय होतं? कंपासपेटी, डबा, चिंचा. चिंचांना कुलूप कशाला?

त्या शाळेत मला न कळणाऱ्या गोष्टी आणखीही होत्या. वर्गात चुणचुणीत असणाऱ्या मुली आठवडी बाजारात माझ्या समोरून सरळ निघून जात. नमस्कार नाही, हसणं नाही. एकदा तर नववीतल्या एकीने मला 'दादा, भेंडी कशी दिली' असं विचारलं. मी भेंडीच्या ढिगाशेजारी उभा होतो, हे खरं, पण तीन महिने मी तिला बीजगणित शिकवत होतो. मी बाईंकडे शिस्तीची तक्रार केली.

"मग तुम्ही काय सांगितलं?" बाईंनी विचारलं.

"कशाचं?"

"भेंडीचं."

"मी भेंडी विकत नाही, बाई."

"ती काही वाईट वस्तू नाही," असं म्हणून त्या पत्रव्यवहाराकडे वळल्या. मी बाहेर आलो, तेव्हा तक्रार नेमकी कुणी कुणाविरुद्ध केली होती, याबद्दल माझ्या मनात थोडा गोंधळ होता.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात मला तो उपाय सुचला. मी व्हरांड्यात उभा राहून एकेक दार उघडून-मिटून पाहत होतो. कपाटाचा सांगाडा भक्कम होता. तळ शाबूत होते. आवाज करत होती ती दारं, गंजल्या होत्या त्या बिजागऱ्या, अडकत होत्या त्या कड्या. म्हणजे दारं काढून टाकली, की उरणार ते उत्तम उघडे कप्पे. खर्च शून्य. वर दारांचं भंगार. मी त्याच दुपारी अहवाल लिहिला. त्यातलं एक वाक्य मला फारच आवडलं होतं: 'प्रस्तुत लॉकर्समध्ये दार हाच मुख्य दोष आहे.'

आणि अहवालाच्या खाली, डाव्या कोपऱ्यात, मी सवयीने लिहिलं: 'प्रत माहितीसाठी : मा. कार्यवाह.'

हे लिहिण्यामागे काही हेतू होता असं म्हणता येणार नाही. शाळेत कुठलाही कागद तसा संपत असे. मुलींच्या सहलीच्या परवानगीपत्रापासून पाण्याच्या टाकीला लागलेल्या शेवाळाच्या तक्रारीपर्यंत सगळ्याची एक प्रत कार्यवाहांना जायची आणि तिकडे एका पत्र्याच्या ट्रंकेत पडायची. तीन वर्षांत आबासाहेबांनी माझी एकही प्रत वाचली नव्हती. ही वाचली.

बुधवारी त्यांचा फोन आला. शाळेच्या फोनवर कुणी मला बोलावण्याची ती पहिलीच वेळ.

"गलगली सर," आबासाहेब म्हणाले, "डोकं आहे तुम्हाला. एवढी वर्षं हे कुणाला सुचलं नाही. शनिवारी वेल्डिंगवाल्याला घेऊन येतो. अकराच्या आत सगळी दारं खाली."

"हो, साहेब."

"आणि तुमचा तो कायम करायचा कागद आलाय माझ्याकडे. तोही घेऊन येतो. तिथंच सही करू."

मी फोन ठेवला. बाई समोरच बसल्या होत्या. त्यांच्यापुढे माझ्या अहवालाची मूळ प्रत पडली होती. ती त्यांनी अजून वाचली नव्हती. आता वाचली. दोनदा. मग त्यांनी ती उलटी करून टेबलावर ठेवली आणि त्यावर पेपरवेट ठेवला, जणू कागद उठून जाईल.

"काय झालं, बाई?"

"काही नाही. चांगलं मराठी लिहिता तुम्ही."

पुढे त्या काहीतरी बोलतील म्हणून मी उभा राहिलो. त्यांनी पत्रव्यवहाराची फाइल पुढे ओढली. माझं अभिनंदन झालंय की हजेरी घेतली गेलीय, हे मला कळेना. मी दोन्हीसाठी 'बरं' म्हणालो आणि बाहेर पडलो.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर मी रजिस्टर घेऊन व्हरांड्यात गेलो. शनिवारी दारं उतरवायच्या आधी प्रत्येकाची नोंद पडताळणं हे माझं काम होतं. डेडस्टॉकमधल्या वस्तूचा आकार बदलायचा तर चार्ज असलेल्या माणसाची सही लागते. कुणी घड्याळाचा लंबक काढला तरी लागते. मी नंबर वाचत, दार हलवत, खूण करत चाललो होतो. एक्केचाळीस नंबरचं दार हलवलं आणि ते कुलपासकट माझ्या हातात आलं.

आत एक वही होती, जिरागोळ्यांची पुडी होती आणि एक गुलाबी साबणाची डबी होती. दार परत बसवताना माझ्या कोपराचा धक्का लागून डबी खाली पडली आणि उघडली. आत रुमालात गुंडाळलेला चष्मा होता.

मी तो उचलून बघत असतानाच मागून आवाज आला.

"सर, ती डबी हुती तिथं ठेवा."

शाळेच्या शिपाई हौसामावशी. त्यांच्या कमरेला लॉकर्सच्या जादा किल्ल्यांचा जुडगा असायचा आणि त्या चालल्या की तो वाजायचा. या वेळी वाजला नव्हता. त्यांनी तो मुठीत धरला होता.

"कुणाची आहे ही?"

"साबणाची."

"साबण नाहीये आत."

"म्हंजी उघडलीत."

"पडली. मावशी, हे लॉकर ऋतुजा रोंगेचं आहे ना? आबासाहेबांची नात?"

"आसंल."

"पण तिला चष्मा नाहीये."

मावशींनी माझ्याकडे बघितलं. एखाद्या ढ मुलीला तिसऱ्यांदा सांगताना मी जसा बघतो, तसं. मग मला आठवलं, की ऋतुजा वर्गात चष्मा लावते. काळ्या काडीचा. तोच हा. आणि बाजारात भेंडीचा भाव विचारणारी तीच होती. तेव्हा तिच्या नाकावर काही नव्हतं.

"घरी काय सांगते?" मी विचारलं.

"घरी काय सांगायचं? घरी डोळं चांगलं हायती."

मावशी कपाटाला टेकून खाली बसल्या. मग त्यांनी सांगितलं ते असं. दरवर्षी जुलैमध्ये बाई शाळेत डोळे तपासून घ्यायच्या. ज्यांना चष्मा निघायचा त्यांच्या घरी पहिली काही वर्षं चिठ्ठ्या गेल्या. चिठ्ठीला उत्तर कुणी दिलं नाही. उलट मुली यायच्या बंद झाल्या. चष्म्याची पोरगी म्हटली की बघायला आलेला पाहुणा चहा अर्धा ठेवून उठतो, असा गावाचा अनुभव होता. मग बाईंनी चिठ्ठ्या पाठवणं सोडलं. सोलापुरात शाळेच्या एका माजी विद्यार्थिनीचं चष्म्याचं दुकान होतं. तिथून चष्मे यायचे. सकाळी लॉकरमधून बाहेर, संध्याकाळी लॉकरमध्ये. घराचा उंबरा चष्म्याने कधी बघितला नाही.

"कितीजणी आहेत?"

"चौतीस. शाळेभाईर मोजलं तर एक बी न्हाई."

"आणि शिक्षकांना माहीत नाही?"

"वर्गात चष्मा दिसला तर कोन इचारतंय? घरी लावत न्हाईत ह्ये कुनाला म्हाईत? एका बाईंस्नी बोलल्या हुत्या आमच्या बाई. त्यांनी हळदीकुंकवात सांगितलं. कौतुकानंच सांगितलं बगा. आठवीतली शेटेंची पोरगी दुसऱ्या दिवशी शाळेतनं काढली. औंदा तिचं लगीन झालं." त्यांनी जुडगा मांडीवर ठेवला. "म्हनून बाई आता कुनालाच सांगत न्हाईत. तुमी बी मला भेटला न्हाईत."

मी दार जागेवर बसवलं आणि रिबिनीच्या तुकड्याने बांधलं. रात्रभर विचार करूनही माझ्या अहवालात शुद्धलेखनाशिवाय दुरुस्त करण्याजोगं काही सापडलं नाही. माझा उपाय खरोखरच स्वस्त होता. उघड्या कप्प्यात चौतीस साबणाच्या डब्या ठेवल्या, तर पहिल्याच पालकसभेला कुणाची तरी आई त्यातली एक उघडणार होती.

शनिवारी साडेदहाला आबासाहेब आले. धोतर, कोट, सोनेरी काडीचा जाड भिंगांचा चष्मा. मागे छिन्नी-हातोडा घेऊन वेल्डिंगवाला. मुली वर्गात होत्या. व्हरांड्यात बाई, मावशी आणि मी.

"गलगली सर, आयडिया तुमची, तर पहिलं दार तुमच्या हातानं," आबासाहेब म्हणाले. "आमच्या ऋतुजाचं कुठलं? तिच्यापासून सुरू करा. म्हणजे कुणी म्हणायला नको, आबासाहेबांची नात म्हणून मागं ठेवली."

मग ते मावशींकडे वळले.

"मावशी, किल्ल्या आणा."

"किल्ल्या हरवल्या, साहेब."

"कुठल्या?"

"समद्याच."

"एकशे आठ किल्ल्या हरवल्या?"

"एकाच जुडग्यात हुत्या," मावशी म्हणाल्या. आज त्यांच्या कमरेला काही नव्हतं.

"हरकत नाही. छिन्नी आणलीय." आबासाहेब पुढे सरकले. "कुठला नंबर?"

बाई व्हरांड्याच्या खांबाला हात लावून उभ्या होत्या. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. त्यांनी माझ्याकडून काही अपेक्षाच केली नव्हती, आणि तीन वर्षांच्या अनुभवावरून ते योग्यच होतं.

"साहेब, जरा थांबावं लागेल," मी म्हणालो. "सही झालेली नाही."

"कुणाची?"

"माझी. रजिस्टरात. नोंद आहे ती 'लोखंडी कपाटे, दारासह'. दारं काढायची म्हणजे आकार बदलतो. चार्जवाल्याची सही लागते."

"मग करा."

"नाही करता येणार."

आबासाहेबांनी कोटाच्या खिशातून कागद काढला. तो माझा अहवाल होता. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, की आपलं लेखन इतक्या लक्षपूर्वक कुणी वाचू नये.

"'दार हाच मुख्य दोष आहे,'" त्यांनी वाचलं. "कुणाचं वाक्य?"

"माझं."

"मग?"

"चुकलंय ते. दोष दाराचा नाही."

"कुणाचा?"

"बिजागरीचा."

"बिजागरी दारालाच असते ना?"

"हो, साहेब."

वेल्डिंगवाला हातोडा या हातातून त्या हातात घेत होता. आबासाहेबांनी चष्मा काढून कोटाच्या टोकाने पुसला. चष्म्याशिवाय त्यांचे डोळे बारीक आणि हरवलेले दिसत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, म्हणजे माझ्यापासून हातभर डावीकडे बघितलं आणि तिथल्या खांबाला म्हणाले, "सर, मी दुसऱ्या कुणाला चार्ज देऊ शकतो."

"देऊ शकता, साहेब," खांबाशेजारून बाई म्हणाल्या. "चार्ज द्यायचा म्हणजे सगळ्या वस्तूंची मोजणी आली. पंधरा दिवस. मग परीक्षा, मग सुट्टी."

आबासाहेबांनी चष्मा घातला. आता मी त्यांना दिसलो. त्यांनी दुसरा कागद काढला आणि कपाटावर ठेवला. एक्केचाळीसच्या बरोबर वर. पेनचं टोपण काढलं.

"हा तुमचा कागद," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर सोपं गेलं असतं. "मी काही अडाणी माणूस नाही. परवा दारं काढा म्हणालात, आज नका म्हणता. मध्ये काहीतरी झालंय. मला एक कारण सांगा. पटलं, तर दारं राहतील आणि ही सहीही होईल. आत्ता, इथं."

कारण माझ्याकडे होतं. चार शब्दांचं होतं. कदाचित ते त्यांना पटलंही असतं. एवढी जाड भिंगं नाकावर असलेल्या माणसाला ते का पटू नये? किंवा पटलं नसतं, आणि सोमवारी एक मुलगी शाळेत आली नसती. यातलं काय झालं असतं, हे मला तेव्हा कळत नव्हतं. आजही नक्की सांगता येत नाही.

"कारण नाही, साहेब," मी म्हणालो.

"नाही?"

"नाही."

ते थोडा वेळ थांबले. चांगला माणूस जेवढं थांबेल तेवढं. मग त्यांनी टोपण लावलं.

"कारण नसताना काम अडवणाऱ्या माणसाला समाधानकारक कसं लिहू मी?"

"बरोबर आहे."

कागद खिशात गेला. वेल्डिंगवाल्याला त्यांनी जाण्या-येण्याचं भाडं दिलं आणि दोघं निघून गेले. मावशी पाण्याचा तांब्या आणायला म्हणून आत गेल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत.

बाई कपाटाजवळ आल्या. एक्केचाळीसच्या कडीला बांधलेल्या रिबिनीला त्यांनी बोट लावलं.

"सर, तुम्ही हे उघडलं होतं?"

"नाही, बाई."

"बरं." त्यांनी रिबिनीची गाठ जरा आवळली. "रजिस्टरचा नियम माझ्या लक्षात आला नव्हता."

"तो असाही वापरता येतो, हे माझ्याही काल रात्रीपर्यंत लक्षात नव्हतं."

"बिजागऱ्यांचं काय करायचं मग? स्वस्तात."

"सायकलच्या जुन्या ट्यूबा," मी म्हणालो. "एका दाराला दोन पट्ट्या कापायच्या आणि नट-बोल्टने आवळायच्या. रबराला गंज चढत नाही, आवाजही होत नाही. पंक्चरवाला ट्यूबा फुकट देईल."

बाईंनी हातातल्या वहीत लिहून घेतलं. 'कापायच्या' नंतर थांबून त्यांनी रुंदी विचारली. मी दोन बोटं सांगितली.

माझी मुदत एकतीस मेला संपली ती संपलीच. जूनमध्ये मी सांगोल्याच्या बाजूला एका खासगी क्लासमध्ये शिकवायला लागलो. ट्यूबांचं काम सुट्टीत झालं असं नंतर कुणीतरी सांगितलं. पण ते पुढचं. त्या शनिवारी शेवटचा तास माझा नववी 'ब'वर होता आणि घंटा झाली होती.

मी वर्गात गेलो. मुली उठल्या, बसल्या. नऊ-दहा चष्मे होते. तीन वर्षांत मी कधी मोजले नव्हते. मी फळ्याकडे तोंड केलं आणि वर्गसमीकरणाचं एक लांबलचक उदाहरण लिहायला घेतलं. अक्षर बारीक येत होतं. सहा ओळी झाल्यावर उत्तर आलं. ते मला विचित्र वाटलं, पण त्या दिवशी सगळंच तसं होतं, म्हणून मी त्याखाली रेघ ओढली.

"सर," शेवटच्या बाकावरून ऋतुजा रोंगे म्हणाली, "तिसऱ्या ओळीत वजा राहिलंय."

मी वाकून बघितलं. राहिलं होतं.